रात्र निवली नाही तर

हवामानाचा अंदाज बघताना बहुतेक जण दुपारचं कमाल तापमान बघतात. मी रात्रीचं किमान तापमान बघते. दुपार कितीही तापो, पहाटेपर्यंत हवा निवणार असेल तर मला फारशी काळजी वाटत नाही. सलग काही रात्री पारा उतरणारच नाही असं दिसलं, की मी दादाला फोन लावते. पहिला प्रश्न झोपेचा. पाणी, गोळ्या, डोकेदुखी हे सगळं त्यानंतर.

दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, बायपोलर आजार आहे; त्यात मनःस्थिती कधी उन्मादाच्या, कधी नैराश्याच्या टोकाला जाते. बरीच वर्षं तो लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेतो आणि बराच काळ स्थिर आहे. या लेखातलं त्याच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य त्याने वाचलं आहे, काही ठिकाणी स्वतः बदलून दिलं आहे. त्याच्या उन्मादाचे जे काळ मला आठवतात, ते बहुतेक कडक उन्हाळ्यातले. पण एका घरच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून मी याबद्दल मिळेल ते वाचत गेले, दादाच्या डॉक्टरांना विचारत गेले, आणि आपत्कालीन विभागात रात्रपाळी करणाऱ्या माझ्या एका परिचारिका मैत्रिणीचं ऐकत गेले. उष्णतेच्या लाटेत त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांचं तिने केलेलं वर्णन साधं आहे: 'सगळ्यांचे नातेवाईक एकच वाक्य बोलतात, चार दिवस झोपले नाहीत.'

अभ्यास शोधायला गेलं तर पुष्कळ सापडतात. अमेरिकेत 2010 ते 2019 या काळातल्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 22 लाख प्रौढ आणि मानसिक तक्रारींसाठी त्यांनी दिलेल्या जवळपास 35 लाख भेटी, एवढा त्याचा आवाका. प्रत्येक ठिकाणचा उन्हाळा त्याच ठिकाणच्या मापाने मोजला होता. तिथल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत मानसिक कारणांसाठी येणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत सौम्य दिवसांपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी जास्त निघालं. चिंता, मनःस्थितीचे विकार, स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होण्याचा आजार), व्यसनांशी जोडलेल्या तक्रारी, स्वतःला इजा करून घेणं, सगळ्यांतच वाढ दिसली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराच्या 1993 ते 2006 या काळातल्या नोंदींत उष्णतेच्या लाटांदरम्यान मानसिक आणि वर्तनविषयक आजारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांत 7.3 टक्क्यांची वाढ आढळली.

सात-आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. मैत्रिणीला तसं वाटत नाही. तिच्या विभागात मानसोपचाराची गरज असलेल्या रुग्णासाठी शांत, वेगळी खोली एकच आहे. ती भरलेली असताना आणखी एक अस्वस्थ माणूस आला, की त्याला अपघाताच्या आणि छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या मधोमध, प्रखर दिव्यांखाली, गोंगाटात बसवावं लागतं. तिथे त्याची घालमेल वाढते, मग आवाज वाढतो, मग चार जण त्याला धरायला येतात. हाताशी असलेल्या जागेपेक्षा एकच माणूस जास्त आला, तर त्या रात्रीचा सगळा सूर बदलतो. शिवाय ही वाढ वर्षभर समान वाटलेली नसते. ज्या दिवसांत उष्माघाताचे, हृदयविकाराचे, मूत्रपिंडाचे रुग्णही वाढलेले असतात, नेमकी त्याच दिवसांत ती येते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती कॅनडातल्या टोरांटो शहराच्या अभ्यासातली एक गोष्ट. 2002 ते 2010 या काळातल्या नोंदींत दिसलं, की दिवसाचं सरासरी तापमान 28 अंशांवर गेलं की मानसिक आणि वर्तनविषयक कारणांसाठी आपत्कालीन विभागात येणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, आणि हा परिणाम त्याच दिवशी संपत नाही, साधारण चार दिवस टिकतो आणि मग ओसरतो. एकत्रित वाढ सुमारे 29 टक्के. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात बरंच काही जागेवर बसलं. रुग्णवाहिका बोलावली जाते तो क्षण आणीबाणीची सुरुवात नसतो. ती काही रात्रींपूर्वी, बंद दाराआड सुरू झालेली असते आणि तेव्हा तिच्याकडे कोणी आणीबाणी म्हणून बघत नाही. त्या मधल्या रात्रींत करण्यासारखं पुष्कळ असतं.

तर त्या रात्रींत होतं काय?

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. बाहेरची हवा उतरू देत नसेल, तर माणूस कूस बदलत पडून राहतो. 68 देशांतल्या 47 हजारांहून अधिक प्रौढांच्या मनगटपट्ट्यांवरच्या झोपेच्या नोंदी वापरून केलेला एक अभ्यास 2022 मध्ये आला. उबदार रात्री झोप कमी करतात, आणि मुख्यतः झोप लागण्याची वेळ पुढे ढकलून कमी करतात, असं त्यात दिसलं. बहुतेकांसाठी याचा अर्थ दुसऱ्या दिवशीची चिडचिड. बायपोलर आजार असलेल्या माणसासाठी अर्थ फार वेगळा असतो. झोप तुटणं हे उन्मादाचं लक्षण आहे आणि कारणही. एक रात्र कमी झोप झाली की दुसऱ्या दिवशी थकण्याऐवजी तरतरी येते, डोक्यात कल्पना भराभर सुचतात, म्हणून दुसऱ्या रात्री झोपेची गरजच वाटत नाही. दादाने मला हे एकदा फार नेमकं सांगितलं: 'मला त्रास होतोय असं तेव्हा वाटतच नाही गं. बरं वाटतंय असं वाटतं. म्हणून मी सांगत नाही.' या आजारात माणूस स्वतःहून मदत मागेल याची वाट बघत बसणं किती धोक्याचं आहे, हे त्या वाक्याने मला कळलं.

लिथियमचं गणित वेगळंच आहे, आणि ते प्रत्येक घराला समजावून सांगायला हवं असं मला कळकळीने वाटतं. या औषधाची उपयोगाची पातळी आणि अपायाची पातळी यांत फार अंतर नाही. रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात, आणि 1.5 च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. मूत्रपिंडाच्या दृष्टीने लिथियम आणि मिठातलं सोडियम जवळपास सारखेच. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळ्या तेवढ्याच, वेळाही त्याच, तरीही रक्तातली पातळी चढते. हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं, गोंधळ उडतो. त्यात उन्हाने डोकं दुखतं म्हणून कोणी आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक घेतलं, तर तेही लिथियमची पातळी वाढवतं. म्हणून फोनवर मी डोकेदुखीचं विचारते. अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासायचं असतं, आणि गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. भीतीने परस्पर औषध बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण लिथियम अचानक थांबवलं तर उन्माद परत येण्याचा धोका मोठा असतो.

स्किझोफ्रेनियावर दिली जाणारी बरीच औषधं शरीराच्या तापमान-नियंत्रणात हात घालतात. काही औषधं घाम कमी करतात. काहींमुळे तहान आणि उकाडा यांची जाणीवच बोथट होते. माणूस भर उन्हात जाड कपडे घालून बसलेला दिसतो आणि बघणारे म्हणतात, वेडा आहे. त्याच्या शरीराला धोक्याची सूचनाच पोहोचत नाही, हे कोणाच्या मनात येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयांच्या 1950 ते 1984 या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा उष्णतेच्या लाटेत तिथल्या रुग्णांचा मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट निघाला होता. म्हणजे ही माहिती नवी नाही. ती इतकी वर्षं उशाशी असूनही उन्हाच्या इशाऱ्यांत या माणसांचा उल्लेख अभावानेच येतो, याचा मला राग येतो.

आणखी एक गोष्ट मैत्रिणीकडून कळली, आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगते. उष्माघातात शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर जातं आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, ओळख विसरतो, कधी आक्रमक होतो. हाच माणूस आधीपासून मानसिक आजारावर उपचार घेत असेल, तर आणणारे सांगतात, 'याचं नेहमीचंच आहे.' आणि तापमान मोजण्याआधीच त्याची रवानगी मानसोपचाराकडे होऊ शकते. उष्माघातात तर एकेक मिनिट मोलाचं. तिच्या विभागातल्या ज्येष्ठ परिचारिकेने नवीन आलेल्यांसाठी नियमच घालून दिला आहे: उन्हाळ्यात बडबडत आलेल्या प्रत्येकाचा आधी ताप बघायचा, इतिहास नंतर ऐकायचा. इतका साधा नियम, पण तो लावणारं कोणीतरी लागतं.

उष्णता एकटी येत नाही, हेही बघायला हवं. 2018 च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या माँट्रियल शहरात उष्णतेच्या लाटेत 66 माणसं दगावली. त्यातल्या सुमारे एक चतुर्थांश जणांना स्किझोफ्रेनिया होता. शहराच्या एकूण लोकसंख्येत हा आजार शंभरात एकालाही नसतो. 2021 मध्ये कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आलेल्या लाटेत, लिटन नावाच्या गावात पारा 49.6 अंशांवर गेला तेव्हा, 619 जणांचा बळी गेला. त्यातले 98 टक्के घरात, चार भिंतींच्या आत मरण पावले आणि निम्म्याहून अधिक जण एकटे राहणारे होते. नंतरच्या विश्लेषणात स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट दिसला. हे आकडे वाचताना मी फक्त हवामानाबद्दल वाचत नव्हते. वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली, बंद खिडकी, तुटलेली नाती, बाहेर पडायची भीती आणि दार वाजवणारं कोणी नसणं, हे सगळं त्या तिप्पट या शब्दात आहे.

माणसाला उष्णता स्वतः ढासळवते की तिच्याभोवतीचं जगणं, हा वाद तसा जुना. 1879 मध्ये एन्रिको मोर्सेली या इटालियन वैद्याने आत्महत्यांची आकडेवारी मांडताना ऋतूंकडे आणि तापमानाकडे बोट दाखवलं होतं. 1897 मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने ते खोडून काढलं. आत्महत्या हिवाळ्यात नव्हे तर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त होतात हे त्यालाही मान्य होतं, पण त्याच्या मते कारण उष्णता नसून मोठा होत जाणारा दिवस आणि त्याबरोबर वाढणारी समाजातली लगबग हे होतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, महिन्याचं सरासरी तापमान 1 अंशाने वाढलं तर आत्महत्यांचं प्रमाण अमेरिकेत 0.7 टक्के आणि मेक्सिकोत 2.1 टक्के वाढतं असं आढळलं. त्याच्या आदल्या वर्षी भारतातल्या आकडेवारीवरचा एक अभ्यास आला होता. त्यात पिकं शेतात उभी असण्याच्या हंगामात तापमान वाढलं की आत्महत्या वाढतात, हंगाम नसताना तीच उष्णता तसा परिणाम करत नाही, असं दिसलं. तिथे ऊन शरीरातून नव्हे, जळालेल्या पिकातून माणसापर्यंत पोहोचत होतं. मला मोर्सेली आणि दुर्खीम दोघेही अपुरे वाटतात. तापलेलं शरीर आणि विस्कटलेलं जगणं अशी दोन वेगळी कारणं मला दिसत नाहीत. दादाच्या बाबतीत तरी ती कायम एकमेकांत गुंतलेलीच दिसली आहेत. नोकरीतला ताण असलेल्या उन्हाळ्यात त्याला जी रात्र झेपली नाही, तीच निवांत उन्हाळ्यात झेपली.

पाऊस आणि वादळाचा हिशोब निराळा. मैत्रीण सांगते की मुसळधार पावसाच्या रात्री त्यांच्याकडे सामसूम असते. नवख्या डॉक्टरांना वाटतं, आज गरज कमी आहे. खरं तर रस्ते बंद असतात. पाणी ओसरल्यावर पुढचे कित्येक दिवस गर्दी होते: गोळ्या भिजल्या, संपल्या, दुकान उघडलं नाही, घर सोडून निवाऱ्यात राहावं लागलं, तिथे झोप नाही. आपत्कालीन विभागाच्या वहीत दाराशी पोहोचलेल्यांची नोंद होते. जे पोहोचू शकले नाहीत त्यांचा त्या दिवसापुरता आकडाच नसतो. आणि कधी दारच बंद होतं. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या तळघरात शिरलं, वीज आणि पंप बंद पडले आणि शेकडो रुग्णांना जिन्यांवरून उतरवून हलवावं लागलं. मानसोपचाराच्या आपत्कालीन सेवेसाठी शहराचा मोठा आधार असलेलं हे रुग्णालय पूर्णपणे सुरू व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. तेवढे महिने त्या माणसांचा भार आसपासच्या रुग्णालयांनी उचलला.

पौर्णिमेबद्दल मला नेहमी विचारलं जातं. चंद्राच्या कलांचा आणि मानसिक आणीबाणीचा संबंध शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत आणि बहुतेकांच्या हाती काही लागलेलं नाही. चंद्राकडे बघून चिंता करण्यापेक्षा किमान तापमान बघावं.

मग करायचं काय, हा प्रश्न मी दादाच्या डॉक्टरांना दरवर्षी विचारते. त्यांचं उत्तर मला पटतं. उष्णतेच्या लाटेचा अंदाज आता काही दिवस आधी मिळतो. पूर येणार म्हटल्यावर नावा तयार ठेवतात, तसा हा अंदाज हातात असताना त्या आठवड्यात मानसोपचाराच्या डॉक्टर-परिचारिकांच्या पाळ्या वाढवता येतात, रात्री ऑन-कॉल माणूस ठेवता येतो, लिथियमच्या तपासणीचा निकाल त्याच दिवशी देण्याची सोय करता येते. याहून मोठं काम रुग्णालयाच्या बाहेरचं. दवाखान्याकडे लिथियम आणि मनोविकारविरोधी औषधं घेणाऱ्यांची यादी असतेच. लाटेच्या आधी त्या यादीतल्या प्रत्येकाला एक फोन जावा, एवढंच. दक्षिण ऑस्ट्रेलियात, म्हणजे ॲडलेड ज्या राज्यात आहे तिथे, रेड क्रॉसचे स्वयंसेवक उष्णतेच्या लाटेत नोंदणी केलेल्या माणसांना रोज फोन करतात, दिवसातून तीनदासुद्धा. फोन उचलला गेला नाही, तर कोणीतरी जाऊन बघण्याची व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 1995 पासून उन्हाच्या इशाऱ्याबरोबर शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांकडे जाण्याची आणि मदतीच्या फोनची योजना राबवली गेली. पहिल्या काही वर्षांत तिने शंभराहून अधिक जीव वाचवले असावेत असा नंतरचा अंदाज आहे. या योजना फार खर्चिक नाहीत. त्यांना यादी लागते, माणसं लागतात, आणि मानसिक आजार असलेल्यांची नावं त्या यादीत घालायची तयारी लागते. अडतं ते शेवटच्या गोष्टीपाशी. आजार लपवण्याची सक्ती ज्या घरांवर असते, त्या घराचं नाव यादीत कोण देणार?

आमच्या दोघांची व्यवस्था आता ठरलेली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर दादा रक्त तपासून घेतो. लाटेच्या दिवसांत झोपेचे तास लिहून ठेवतो आणि झोप ठरावीक मर्यादेखाली गेली तर मी त्याच्या डॉक्टरांना फोन करणार, हे त्याने स्वतः, बरा असताना, लिहून दिलं आहे. तेव्हा तो चिडला तरी मी फोन करायचा, असंही त्याच कागदावर त्याच्याच अक्षरात आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी असा कागद थंडीतच करून ठेवावा. उन्हाळ्यात त्या बोलण्याला भांडणाचं वळण लागतं. आणि स्वतःला संपवण्याचे विचार कोणी बोलून दाखवले, तर हवा कशीही असो, त्याला एकटं न सोडता त्याच वेळी डॉक्टरांकडे, आपत्कालीन विभागात किंवा मदतवाहिनीकडे न्यावं.

दादाची स्वतःची एक मागणी आहे आणि ती इथे मांडायचं मी कबूल केलं होतं. उष्णतेच्या इशाऱ्यात लहान मुलं, गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक आणि उन्हात काम करणारे यांची नावं असतात. त्याच ओळीत, वेगळ्या खास सूचनेत नव्हे, 'मानसिक आजारावर औषधं घेणारे' हे चार शब्द घालावेत, असं त्याचं म्हणणं आहे. तसं पत्र त्याने आरोग्य खात्याला लिहिलं आहे, खाली स्वतःचं नाव, आजार आणि गोळीचं नाव घालून. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी ते पत्र आम्ही पुन्हा पाठवणार आहोत, आणि या वेळी सही करायला आणखी काही घरं तयार झाली आहेत.